एका बाटलीतले थेंब
दर्शना मढवी माझी साहेब. अकरा वर्षं ती डोळे येण्याच्या विषाणूंवर संशोधन करते आणि मी ठाण्याच्या त्या प्रयोगशाळेत तिचे नमुने लावते. बाई स्वभावाने खवट. चुकलं की सगळ्यांसमोर झापते, बरोबर केलं तर मान वर करत नाही. तिचा मला अनेकदा राग आलाय. पण तिच्या घरच्यांचा जेवढा आला, तेवढा कुणाचाच नाही.

घर कोलशेतचं. मिठागरं गेली, शेतांवर टॉवर उभे राहिले आणि तिचे काका पंढरीशेठ गावचे मोठे झाले. वडिलांच्या नावाने ते दरवर्षी समाजमंदिरात फुकट नेत्रतपासणी ठेवतात. तपासणीआधी बाहुली मोठी करायला थेंब घालतात. ते घालायचा मान दर्शनाच्या आईचा, ठमाबाईंचा. थेंब गालावर ओघळून फुकट जाऊ नये म्हणून त्या बाटलीचं टोक अलगद पापणीला टेकवत. सगळ्या रांगेला एकच बाटली.

मागच्या वर्षी शिबिरानंतर गावात चाळीस जणांचे डोळे आले. दर्शनाने घरोघर फिरून नमुने घेतले. उरलेली बाटली ठमाबाईंनी औषध टाकवत नाही म्हणून कपाटात ठेवली होती, तीही तिने आणली. सगळ्या नमुन्यांत एकच विषाणू निघाला, आणि तोच बाटलीच्या टोकावर. अहवाल घेऊन ती काकांकडे गेली. माणशी वेगळी छोटी बाटली वापरा, एवढंच तिचं मागणं होतं.

पंढरीशेठनी अहवाल उघडलासुद्धा नाही. त्यांचा मुलगा हर्षित म्हणाला, "रोज त्या व्हायरसमध्ये हात घालते कोण? तूच ना? मग गावात आणला कोणी?"

झालं! गावाला हवं तेच मिळालं. ती दिसली की बाया पोरांना आत ओढू लागल्या. शिकलेली माणसंही त्यात होती, त्यांची तर मला किळस येते.

यंदाच्या शिबिराला आम्ही दोघी छोट्या बाटल्यांचे खोके घेऊन गेलो. पोचायला उशीर झाला होता. अर्धी रांग सरली होती, आणि रांगेत लाल डोळ्यांची तीन माणसं मला स्वतःला दिसली. दर्शना सरळ आईपाशी गेली. "आई, ती बाटली खाली ठेव."

माईक पंढरीशेठच्या हातात होता. "वहिनी, तुम्हीच सांगा सगल्यांना. या बाटलीत रोग हाय का?"

सगळं समाजमंदिर ठमाबाईंकडे बघत होतं. त्यांनी एकदा लेकीकडे पाहिलं, मान मागे टाकली आणि त्याच बाटलीचा थेंब स्वतःच्या डोळ्यात घातला. टोक पापणीला टेकवून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही खोके उचलून परत आलो.

आठवड्यात ठमाबाईंचे दोन्ही डोळे सुजून बंद झाले. गावात आणखी साठ जणांचे आले. महिन्याभराने ठमाबाईंच्या बुबुळांवर पांढरे ठिपके उठले आणि समोरचं सगळं धुरकट दिसू लागलं. नमुना घ्यायला दर्शना गेली तेव्हा मी सोबत होते. खालची पापणी ओढून ती कापसाची काडी फिरवत होती, आणि ठमाबाई हळूच बोलल्या, "मना ठावं होता, बाय. तू खरीच बोलत व्हतीस."

दर्शनाचा हात थांबला. "मग का घातलास?"

"भरल्या गावात दिराला खोटा कसा पारू? तो तुटला तं परत जवल येनार नाय. तू काय, माजी लेक. तू येशीलच."

मला वाटलं ही आता ओरडेल, निदान रडेल तरी. तिने काडी नळीत टाकली, झाकण घट्ट लावलं, आईला औषध कसं घालायचं ते नीट समजावून सांगितलं आणि चपला घातल्या.

आता ती ठाकुर्लीला भाड्याच्या खोलीत राहते. कोलशेतला ती त्यानंतर गेलेली नाही. ठमाबाई दर सोमवारी प्रयोगशाळेत फोन करतात. मी उचलते आणि मॅडम कामात आहेत म्हणून सांगते. दर्शना समोरच बसलेली असते.