दाजींनी सेव्ह केलेल्या रांगोळ्या

आमचे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, कराडला कॉम्प्युटरचा क्लास चालवतात. तिथून कुणी काही शिकून बाहेर पडल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

आई तासगावला चित्रकलेची शिक्षिका होती. निवृत्तीनंतर रोज सकाळी दारात रांगोळी काढायची, तिचा फोटो एका फुकटच्या वेबसाइटवर टाकायची आणि खाली दोन ओळी लिहायची. फोटो साइटवर चढला की मोबाइलमधून काढून टाकायची, जागा पुरत नाही म्हणून. अशी काही वर्षं गेली आणि साइट बंद होत असल्याची नोटीस आली.

दाजी धावून आले. सगळी पानं त्यांनी ‘फक्त एचटीएमएल’ प्रकारात सेव्ह केली. फोटोंचं काय, असं मी विचारलं, तर एक पान उघडून दाखवलं. फोटो जागच्या जागी होते. अशी फाइल हलकी राहते, तुला त्यातलं कळायचं नाही, हेही ऐकवलं. आईने त्यांना शिरा करून घातला.

चार दिवसांनी नेट गेलेलं असताना आईने ती पानं उघडली. ओळी होत्या, रांगोळ्यांच्या जागी रिकामे चौकोन. फाइलीत फोटो नव्हतेच, साइटवरचा त्यांचा पत्ता तेवढा होता.

मग पीडीएफ करा, असं दाजींनी फोनवर फर्मावलं. केली. मोठ्या रांगोळ्या दोन पानांत मधोमध कापल्या गेल्या. ‘कम्प्लीट’ प्रकारात फाइल एकीकडे आणि फोटोंचं फोल्डर दुसरीकडे. आई ते फोल्डर कचरा समजून उडवणार, यात मला शंका नव्हती. शेवटी सगळं एकाच फाइलीत ठेवणारा एमएचटीएमएल हा प्रकार मीच शोधला. रजा टाकून साताऱ्याहून गेलो आणि नव्या पानांपासून मागे जात बसलो. साइट बंद पडली तेव्हा पहिल्या वर्षाच्या रांगोळ्या राहून गेल्या होत्या.

रविवारी दाजी ताईला घेऊन आले आणि इंटरनेटवर कशाचाच भरवसा नसतो, असं आईला समजावू लागले. आई तांदूळ निवडत होती.

“रांगोळी पुसायचीच असते, जावईबापू,” ती म्हणाली. “पण ती मी पुसते.”

दाजींना त्यातलं काही कळलं नाही. ताईला कळलं, तिने त्यांना गाडी काढायला सांगितली.

पहिल्या वर्षाच्या ओळी तेवढ्या उरल्यात. त्या वाचून आई कधीकधी एखादी रांगोळी पुन्हा काढते, पण ती तीच आहे का, हे तिलाही सांगता येत नाही. दाजी मात्र आता क्लासमध्ये याच विषयावर एक तास घेतात.