शेवंतामावशींच्या खिडकीतले डबे

शेवंता परब १९८८ च्या हिवाळ्यात, एका मंगळवारी दुपारी, घाटकोपरच्या भटवाडीत आपल्या खोलीत वारल्या. महापालिकेच्या एका प्रसूतिगृहात त्या आया होत्या. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे झाली होती. गाव मालवणजवळचे. गिरणीत काम करणारा नवरा आधीच गेला होता, मुलगी विरारला असे. मागे राहिले त्यात एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि खिडकीतले डबे होते.

डबे बाळांच्या दुधाच्या पावडरीचे होते. त्यांत तुळस, ओवा, गवती चहा लावलेला असे. उन्हाने डब्यांवरची चित्रे उडत चालली होती. काहींवरचे गुटगुटीत बाळ अजून दिसे, काहींवर नुसते त्याचे हसू उरले होते. दुपारी तीनच्या सुमारास टेकडीवरून ऊन तिरपे येई आणि ओव्याच्या पानांच्या सावल्या समोरच्या भिंतीवर हलत राहत. त्या वेळी मावशी खिडकीशी बसलेल्या असत. खिडकीखालून चाळीच्या पायऱ्या जात. कोणी हातात डबा घेऊन पायऱ्या चढताना दिसला, की त्या हाक मारत.

१९८४ च्या मे महिन्यात ती हाक मला आली.

"खय चललास, झिला? डबो कोणाक?"

आमची मुलगी तीन दिवसांची होती. बाळंतपण सोपे झाले म्हणून सुधाला, माझ्या पत्नीला, दुसऱ्याच दिवशी घरी सोडले होते. घरी आल्यापासून माझी आई सुधाचे पहिले पिवळसर दूध, म्हणजे चीक, वाटीत पिळून मोरीत ओतत होती. बाळाला मधाचे बोट मिळत होते. आमच्याकडे तशीच रीत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी बाळ रडायचेही थांबले. नुसते झोपून राहू लागले. सुधाला दूध येईना. मी औषधाच्या दुकानातून डबा आणला.

मावशींनी सगळे ऐकून घेतले आणि डबा माझ्या हातातून काढून घेतला. "सांजेपर्यंत माका दी. सांजेक नाय जमला, तर मी सोता पाणी उकळून पाजतंय. नि पोर हाक मारून उठला नाय, तर थांबूचा नाय, थेट हास्पिटलात न्हेवचा."

त्या माझ्याबरोबर वर आल्या तेव्हा आई आमच्या दारात उभी होती. "चिकाचं ते जड दूध बाळाला बाधतं," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात आईने तबेल्यासमोर उभे राहून खरवसासाठी चीक आणला होता. ही गोष्ट मावशींना ठाऊक होती, कारण एक वडी त्यांनाही गेली होती.

"म्हशीचो चीक रांगेत उभ्या रवान आणतास, नि सुनेचो मोरीत ओततास?"

"म्हशीची गोष्ट वेगळी."

"वेगळी कशी? रेडकाक चलता, नि तुमच्या नातीक बाधता?"

आई आत गेली. तिने वाटी घासून पालथी घातली.

मावशींनी बाळाचे कपडे उतरवले, त्याचे तळवे चोळून त्याला जागे केले आणि उघडेच सुधाच्या छातीवर ठेवले. वर जुने लुगडे पांघरले. खोलीत शेपाचा आणि धुरीचा वास होता. बाळाने तोंड लावले, सोडले, पुन्हा लावले.

"नुसता बोंड नको गो. काळा सगळा तोंडात जाऊंदे. हां."

"येतच नाही मावशी."

"डोळे मीट. माहेराक पाणी खय होता तुझ्या?"

"विहीर होती. मळ्यात."

"कशी होती? माका सांग. मी बघूक नाय."

सुधा सांगू लागली. पायऱ्या किती रुंद होत्या, कुठल्या पायरीवर शेवाळ होते, कळशी बुडताना कसा आवाज येई. ऊन भिंतीवरून खाली सरकत होते. मावशी मधूनच विचारत, "मगे? पाणी थंड होता?" सुधा हळूहळू बोलायची थांबली. तिला झोप लागली की काय असे वाटले. मग बाळाच्या घशातून एक बारीक, स्पष्ट आवाज आला. घोट गेल्याचा. थोड्या वेळाने दुसरा.

सुधाने पोट आवळले. "कळ येतेय."

"येवंदे. पिशवी आवळता. पोर पिता, आवस सावरता."

दिवे लागायच्या आत बाळ तीनदा प्यायले आणि एकदा खणखणीत रडले. आई दारातून म्हणाली, "आता हिचा आवाज खाली दुकानापर्यंत जाईल." मावशी डबा बगलेत मारून निघून गेल्या. त्यातली पावडर पुढचे काही दिवस त्यांच्या चहात पडली. चाळीतल्या बायकांनी तो चहा प्यायला. "चायेक बरी लागता," मावशी म्हणत.

मावशींनी सांगितलेल्या गोष्टींची नंतर मी प्रसूतिगृहातल्या डॉक्टरीणबाईंकडे खात्री करून घेतली. चीक बाळाला रोगांपासून जपतो, हे खरे. बाळ पिऊ लागले की गर्भाशय आवळते आणि आईचा रक्तस्राव कमी होतो, हेही खरे. पहिले सहा महिने बाळाला वेगळे पाणी लागत नाही, हेही. मन निवांत झाले की दूध उतरते, असे त्यांच्या पुस्तकातही होते. विहिरीचे मात्र पुस्तकात नव्हते. बाळंतिणीने ताक प्यायले की बाळाला सर्दी होते, असे मावशी शपथेवर सांगत. डॉक्टरीणबाई त्यावर हसल्या.

प्रत्येक घरातला डबा मावशींनी उचलला असेही नाही. खालच्या ओळीत एक बाई बाळंतपणात गेली, तेव्हा तिच्या बाळासाठी मावशींनी स्वतः डबा विकत आणला. पाणी उकळून, वाटी-चमच्याने त्या दोन महिने त्याला भरवत होत्या. तो डबा खिडकीत आला नाही.

खिडकीच्या कोपऱ्यात एक डबा पार गंजलेला होता. तो कोणाकडचा, असे सुधाने एकदा विचारले.

"तो माझ्या घरचो," मावशी म्हणाल्या.

मुलीच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता. सासूने चीक टाकायला लावला. मूल छातीला लागले नाही, दूध आटले. नवऱ्याने पगाराच्या दिवशी डबा आणला. तो जास्त दिवस टिकावा म्हणून पावडर पातळ केली. पाणी नळाचे, न उकळलेले. चौथ्या महिन्यात मूल जुलाबाने गेले.

"डबो वाईट नव्हतो," त्या म्हणाल्या. "पाणी उकळा, किती घाला, सगळा लिवलेला होता त्याच्यार. इंग्लिशीत." मग सुधाकडे वळून त्यांनी विचारले, "तुझ्या मळ्यातली ती विहीर अजून हा मा?"

विहीर होती. सुधाने तसे सांगितले.

मावशी वारल्यावर त्यांची मुलगी गंजलेला डबा विरारला घेऊन गेली. बाकीचे डबे ज्यांचे त्यांना परत दिले. आमचा आमच्याकडे आला.

पुढच्या महिन्यात वरच्या ओळीत एका घरी मूल झाले. दोन दिवसांनी दुपारी त्या मुलाचा बाप हातात डबा घेऊन पायऱ्या चढत होता. माझी आई आमच्या खिडकीशी बसली होती. तिने त्याला हाक मारली आणि डबा कोणासाठी म्हणून विचारले. तो थांबला. आई चपला घालून त्याच्याबरोबर वर गेली आणि दिवे लागल्यावर परत आली.

त्याच्या हातातला तो डबा आता आमच्या खिडकीत, आमच्या डब्याशेजारी आहे. त्यात ओवा लावलेला आहे.