कल्ले नसलेला रोहू

मी आमच्या मत्स्य संस्थेचा सचिव. म्हणजे रजिस्टर लिहितो आणि धरणातून आलेली मासोळी तोलून देतो. मला पोहता येत नाही, जाळं टाकता येत नाही. अशा माणसाला संस्थेनं मासे टिकवण्याच्या प्रशिक्षणाला पाठवलं, कारण बाकीच्यांना त्या आठवड्यात कामं होती.

तिथं दोन गोष्टी पाहिल्या. एक जाडजूड पोलादी नळकांडं. पाकीटबंद मासा त्यात ठेवून पाण्याचा असा दाब देतात की जंतू मरतात, पण मासा चेंगरत नाही. दुसरा, खाता येणारा लेप. कोळंबीच्या टरफलांपासून केलेली पावडर विरघळवायची, मासा बुडवायचा, वाळू द्यायचा. अंगावर पातळ पापुद्रा बसतो आणि बर्फात मासा दोन-चार दिवस जास्त टिकतो. नळकांडं काही पिशवीत मावलं नसतं. पावडरीचा डबा मावला.

आमच्याकडून मासोळी नेणारी एक मावशी होती, एकटीच राहायची. डोणगावच्या बाजारात तिची जागा ठरलेली. उरलेला माल दोन दिवसांनी भरणाऱ्या सुलतानपूरच्या बाजारापर्यंत टिकत नसे. हा दुसरा बाजार जमला तर धंदा चालवायचा, नाहीतर मलकापूरला पोरीच्या घरी जाऊन पडायचं, असं तिनं ठरवलं होतं. जावयाच्या दारात राहायचं तिच्या जिवावर आलं होतं.

"ते दाबाचं मशीन आपल्याकडं येईन का?" तिनं विचारलं.

"अर्ज करतो ना."

"अर्ज टिकते भाऊ. मासोळी नाही टिकत."

मग तिच्या अंगणात मी लेपाचा घाट घातला. आधी रोहूंची पोटं साफ केली आणि कल्लेही काढून टाकले.

"कल्ले काऊन काढून राह्यले?"

"सडणं तिथूनच सुरू होतं, मावशी. शास्त्र आहे."

तिनं पुढचा रोहू माझ्याकडं सरकवला. मला वाटलं, पटलं. पावडर कमी पडली तेव्हा मी साबुदाण्याची पातळ पेज शिजवून त्यात ढकलली. हे मात्र कुठल्याच शास्त्रात नव्हतं.

सुलतानपूरला मासे असे चकाकत होते की मलाच अभिमान वाटला. पहिलं गिऱ्हाईक आलं, एक म्हातारा. आमच्याकडे भाव नंतर विचारतात. आधी अंगठ्यानं माशाच्या गालावरचं झाकण उचलून कल्ला लाल आहे का ते बघतात. त्यानं उचललं. आत पोकळ.

"कल्ले कुठी गेले?"

"या सायबानं काढले," मावशी म्हणाली.

"म्हंजे शिळी हाय."

मी पुढं सरसावलो. ताजीच आहे, वरून लेप आहे, म्हणून सांगितलं. कशाचा, असं त्यानं विचारलं. इथं खोटं बोलायची सोय होती. पण नको तिथं खरं बोलायची मला खोडच आहे.

"कोळंबीच्या टरफलाचा. अन् थोडा साबुदाणा."

"उपासाचा साबुदाणा मासोळीले फासला का बे?"

माणसं जमली. एका बाईनं नखानं पापुद्रा सोलला, उन्हाकडं धरला आणि म्हणाली, "हे तं पन्नी हाय." हे प्लास्टिक नाही हे दाखवायला मी तो तिच्या हातातून घेऊन तिथंच चावून खाल्ला. लोक हसले. हसून झाल्यावर पांगले.

एक रोहू घरी नेऊन मी त्याचा रस्सा केला. मासा अगदी उत्तम होता. हे ठाऊक असलेला तालुक्यात मी एकटाच.

आम्ही डोणगावला पोचायच्या आत ही बातमी तिथं पोचली. पुढच्या बाजाराला मावशीनं सकाळीच धरलेले, लालभडक कल्ल्यांचे मासे मांडले, तर लोक नखानं खरवडून बघू लागले. तिचं नाव पन्नीवाली पडलं. असे तीन बाजार तिनं काढले. त्याच दिवसांत मी प्रशिक्षणाची वही चाळली. दाब दिलेला कच्चा मासा उकडल्यासारखा पांढरा पडतो, असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. म्हणजे मशीन आलं असतं तरी हेच झालं असतं.

ती निघाली त्या दिवशी मी स्टँडवर गेलो. "मावशी, माझ्यामुळं झालं हे," म्हणालो. नाही हो भाऊ, असं काहीतरी ती म्हणेल, या तयारीनंच गेलो होतो.

"हाव," ती म्हणाली. "तुमच्याचमुळं."

मलकापूरची गाडी लागली. बोचकं मी उचलायला गेलो, तर तिनं ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि स्वतःच चढवलं.