बाराखंब्याचा पत्ता

अमरावतीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी मायला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि मला एकटीला आत बोलावलं. काचबिंदू होता. उजवा डोळा गेलाच होता. डावा चैत्रापर्यंत टिकला तर टिकला, असं ते म्हणाले. चांदूर बाजारला परत येताना मोटारीत मी तिला काही सांगितलं नाही. ती खिडकीशी बसून मागे पळणाऱ्या संत्र्याच्या बागांकडे टक लावून पाहत होती. थोड्या वेळाने माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मले एकडाव केशवाचं तोंड पाहू दे. मंग डोये गेले त गेले."

केशव माझा धाकटा भाऊ. चार वर्षांपूर्वी घरातून निघून गेला होता, आणि तो माझ्यामुळे गेला होता. हे मी इतकी वर्षं कुणाजवळ बोलले नव्हते. माझे यजमान लग्नानंतर दोन वर्षांतच वारले. मी माहेरी आले, ट्रेनिंग केलं आणि मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले. वडील नव्हते, म्हणून केशवाच्या शिक्षणाची सूत्रं मी माझ्या हाती घेतली. तो मॅट्रिकला दुसऱ्यांदा नापास झाला, त्या संध्याकाळी घरात पाहुणे होते. आम्ही महानुभाव पंथाचे. रोज दिवेलागणीला पोथी वाचायची आमच्याकडे रीत, आणि केशवाचा गळा असा की वाटेने जाणारा माणूस ऐकत उभा राही. तो पोथीचा रुमाल सोडत होता आणि मी सगळ्यांदेखत बोलून गेले, "तुले पोथी वाचता येते, दुसरं येते काय?" त्याने पोथी पुन्हा बांधली, कपाळाला लावली आणि कोनाड्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं अंथरूण रिकामं होतं.

आता सांगायलाच बसले आहे तर सगळंच सांगते. मला पंथाची थोडी लाज वाटायची. माय भेटेल त्याला, लहान असो की मोठा, हात जोडून "दंडवत प्रणाम" म्हणायची. आमच्यात तसंच म्हणतात. पण शाळेतल्या बाया त्यावरून हसायच्या, म्हणून मी घराबाहेर फक्त नमस्कार म्हणायला शिकले. देवाचं नाव घ्यायचे, पण हजेरी मांडल्यासारखं. केशव गेल्यावर तेही तोंडातून नीट निघेना. आपल्या तोंडाने त्याला घालवलं, आता त्याच तोंडाने देवाला काय सांगायचं, असं वाटे.

त्याचं एकच कार्ड आलं होतं, दोन वर्षांपूर्वी. शिक्का नवी दिल्लीचा. मजकूर एवढाच, की बरा आहे, बाराखंब्याजवळ राहतो, मायला दंडवत. माझं नाव नव्हतं. मायने ते कार्ड पोथीच्या रुमालात जपून ठेवलं होतं. विदर्भ मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मी शाळेतून आठ दिवसांची रजा काढली आणि ते कार्ड घेऊन निघाले. बाईमाणूस एकटी दिल्लीला जाते म्हटल्यावर गल्लीतल्या लोकांनी तोंडात बोटं घातली. चुलत्यांनी तर, पत्ता नाही, ठिकाणा नाही, तिथं काय दवंडी पिटणार काय, असं विचारलं. पिटीन, मी म्हटलं. माझा स्वभाव मुळातच हट्टी. मायने चार दिवस पुरतील अशा दशम्या आणि एक टोपली संत्री बांधून दिली आणि दारात उभी राहून माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. तिला मी धड दिसत नव्हते, हे मला तेव्हा कळलं.

दिल्लीत फत्तेपुरीजवळच्या एका धर्मशाळेत उतरले. तिथल्या मुनीमजींनी आधी नाही म्हटलं. मी शाळेची चिठ्ठी पुढे केली आणि वर्गात बोलते त्या आवाजात बोलले, तशी खोली मिळाली. आता माझी गंमत ऐका. मी राष्ट्रभाषेच्या परीक्षा दिलेल्या. वऱ्हाडी माणसाच्या धेडगुजरी हिंदीची मला भारी चीड. तेव्हा "बाराखंबा" हा शब्द काही मी तसाच कसा उच्चारीन? मी त्याचं शुद्ध भाषांतर केलं. ज्याला त्याला विचारत सुटले, "नमस्ते जी, यहाँ बारह स्तंभोंवाला भवन कहाँ है?" लोक माझ्याकडे बघत राहायचे. एकाने मला लाल किल्ल्यात पाठवलं. तिथल्या दरबारात इतके खांब की मोजता मोजता मान दुखली. चांदणी चौकात ट्रामची घंटा, टांगे, जिलबीची कढई, अत्तराची दुकानं, सगळं होतं. मी मात्र घरांच्या ओसऱ्यांकडे बघत खांब मोजत होते. दरीब्याच्या गल्लीत "मेरे भाऊ को देखा क्या" असं चुकून माझ्या तोंडून निघालं, तर सराफ चांदीचा भाव सांगू लागला.

तिसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या टांगेवाल्याने मला निजामुद्दीनला नेलं. आधी चौसष्ट खांबांची इमारत दाखवली. मी म्हटलं, बाबा, बारा पाहिजेत. त्याने कपाळाला हात लावला आणि थोडं पुढे नेलं, तर तिथे खरोखरच बारा खांबांची एक जुनी कबर होती. मी तीनदा मोजले. बरोबर बारा! मला इतका आनंद झाला की मी तिथेच पायरीवर बसून राहिले, आता केशव येईल म्हणून. दुपार गेली. शेळ्या आल्या, चरून गेल्या. आजूबाजूच्या घरांत विचारलं, तिथे कुणी वऱ्हाडी पोरगा कधी कुणी पाहिला नव्हता. ऊन उतरलं तसं माझं अवसान गेलं. पण परत फिरायचं नाही, एवढं मात्र पक्कं होतं. मायचे हात माझ्या गालांवरून गेले नव्हते अजून.

पाचव्या दिवशी फटफटीत बसून नव्या दिल्लीत, कनॉट प्लेसला आले. फटफटी म्हणजे मोटारसायकलला जोडलेली खडखडणारी रिक्षा. उतरून बघते तो जिकडे तिकडे पांढरे खांबच खांब. दुकानांपुढून लांबच लांब व्हरांडा आणि त्याला ओळीने खांब. माझं डोकंच फिरलं. पण मी पदर खोचला आणि ठरवलं, बारा-बाराने मोजत जायचं, प्रत्येक बाराव्या खांबाशी थांबून दुकानात विचारायचं. असं किती वेळ चालले कोण जाणे. वाटेत एक पंजाबी म्हातारी लोकरीच्या टोप्या आणि मोजे मांडून विणत बसली होती. थोड्या वेळाने पुन्हा तशीच एक म्हातारी दिसली. मग तिसऱ्यांदा दिसली, तेव्हा ती विणायची थांबून माझ्याकडे बघत होती. तो बाजार गोल आहे, आणि मी घाण्याच्या बैलासारखी त्याच खांबांभोवती फिरते आहे, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

मी तिच्या पथारीशेजारी खाली बसले. मनातून मी एवढंच म्हटलं, देवा, माझं मोजून झालं, आता तू बघ. हे काही भक्तीने म्हटलं नव्हतं, हरल्यावर माणूस म्हणतो तसं म्हटलं होतं. म्हातारीने सुरईतलं पाणी पेल्यात ओतून माझ्यापुढे धरलं. पाच दिवस मी सगळ्यांना "नमस्ते जी" म्हणत होते. त्या क्षणी माझी शाळा, माझ्या परीक्षा सगळं गळून पडलं असावं. पेला दोन्ही हातांत घेतला आणि घरी घ्यावं तसं तोंडून निघून गेलं, "दंडवत प्रणाम."

म्हातारीने हातातली सुरई बाजूला ठेवली. ती उठून उभी राहिली, डोक्यावरची ओढणी सावरली, माझ्यापुढे पार जमिनीपर्यंत वाकली आणि म्हणाली, "दंडवत प्रणाम. बाइ, कोठौनि आलीति?"

मी ऐकतच राहिले. आमच्या पोथीतली शेकडो वर्षांपूर्वीची मराठी, पंजाबी हेलात, दिल्लीच्या भर बाजारात. शिवाय "बाई". आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. केशव मला बाई म्हणायचा. मला रडू आवरेना. ती म्हातारी माझ्या पाठीवर हात फिरवत त्याच जुन्या भाषेत म्हणत होती, "बाइ, दुख न करावें." मग मला आठवलं, लहानपणी आमच्या पंथाच्या रिद्धपूरच्या यात्रेत सलवार घातलेल्या उंच बाया मी पाहिल्या होत्या, तिथल्या पवित्र ओट्यावर डोकं टेकवणाऱ्या. पंजाबातही आपली माणसं आहेत, त्यांना तिकडे जयकृष्णी म्हणतात, असं माय सांगायची. मी ते कधी मनावर घेतलं नव्हतं. ही माताजी त्यांतलीच. फाळणीत घरदार सोडून आली होती. बोलायची मराठी तिला येत नव्हती. येत होती ती पोथीतली.

तिच्या हिंदीत आणि माझ्या रडण्यात जे बोलणं झालं त्यातून कळलं ते असं. निर्वासित होऊन आलेली त्यांची दहाबारा घरं दर रविवारी एकत्र जमतात आणि पोथी ऐकतात. पण मराठी अक्षरं वाचताना त्यांची जीभ अडखळते. दोन वर्षांपूर्वी त्यांना एक वऱ्हाडी पोरगा भेटला. तो आता दर रविवारी त्यांना पोथी वाचून दाखवतो. काय गळा आहे त्याचा, ती म्हणाली. मी विचारलं, राहतो कुठं? तिने विणायच्या सुईने समोर दाखवलं, "बाराखंबा. वो सड़क."

बाराखंबा हे रस्त्याचं नाव होतं! खांब नाही, भवन नाही, काही नाही. सकाळपासून तो रस्ता मी तीन वेळा ओलांडला होता. शब्द होता तसा उच्चारला असता तर पहिल्याच दिवशी कुठल्याही टांगेवाल्याने मला तिथे सोडलं असतं. पण मग फेऱ्या पडल्या नसत्या, माताजी भेटली नसती, आणि त्या लांबच लांब रस्त्यावर बंगल्यांच्या मागच्या खोल्यांतून मी एका पोराला कसं शोधलं असतं तेही देव जाणे. याचा हिशेब मी कधी लावत बसले नाही.

माताजीने पथारी शेजारणीवर सोपवली आणि मला घेऊन निघाली. एका बंगल्याच्या मागे छोटा छापखाना होता. केशव तिथे खिळे जुळवत होता, एकेक शिशाचं अक्षर उचलून ओळीत लावत होता. बोटं शाईने काळी, हाडं वर आलेली, मिशा फुटलेल्या. त्याने मला पाहिलं आणि हातातली ओळ तशीच खाली ठेवली. मी गाडीत काय काय बोलायचं ते पाठ केलं होतं. त्यातलं काही आठवलं नाही. धाकट्या भावापुढे मी आयुष्यात कधी वाकले नव्हते. त्या दिवशी वाकले, जमिनीला हात लावून "दंडवत प्रणाम" म्हटलं आणि म्हटलं, "केशव, मी चुकलो रे. मायले दिसणं बंद होऊन राहिलं. तुह्यं तोंड पाह्यचं म्हणते." माझं शुद्ध बोलणं कुठल्या कुठे गेलं होतं.

तो पण वाकला. उठवत नव्हतं दोघांनाही. मग डोळे पुसून त्याने एवढंच विचारलं, "बाई, गाडी किती वाजता हाय?"

घरी पोचलो तेव्हा सकाळचं कोवळं ऊन अंगणात आलं होतं. माय ओसरीवर तांदूळ निवडत होती, म्हणजे बोटांनी चाचपत होती. केशव तिच्यापुढे जाऊन बसला. तिने सूप बाजूला सारलं. त्याला हाताला धरून अंगणात नेलं, जिथे ऊन पुरतं पडत होतं तिथे बसवलं, आणि त्याची हनुवटी धरून तोंड एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवलं. डाव्या डोळ्याजवळ अगदी वीतभर अंतरावर आणून ती बघत राहिली. मिशा बघितल्या, कपाळावरची लहानपणीची खोक बघितली. ऊन पायरीवरून जोत्यावर चढलं तरी तिने हात काढला नाही. शेवटी म्हणाली, "पाह्यलं."

चैत्रात तिचा दुसरा डोळा गेला. तिने एकदाही कुरकुर केली नाही. केशव छापखान्याचं काम सोडून आला नाही, पण दरवर्षी रिद्धपूरच्या यात्रेला माताजीला आणि तिच्या माणसांना घेऊन येतो, आणि आला की दिवेलागणीला पोथी सोडतो. माय भिंतीला टेकून ऐकते. जो गुण मी चारचौघांत टोमणा म्हणून त्याच्या तोंडावर फेकला होता, त्याच गुणाला धरून देवाने मला त्याच्या दारात नेलं. मी माझ्या बुद्धीने पाच दिवस खांब मोजत होते आणि देव माझ्या तोंडून माझाच शब्द निघायची वाट बघत होता, असं मला वाटतं. दिल्लीहून परतल्यावर शाळेत गेले तेव्हा फाटकाशी बाया उभ्या होत्या. मी हात जोडले आणि म्हटलं, दंडवत प्रणाम. त्या हसल्या. हसू दे.