तीसचं लेबल

ट्रायल रूमला दार नव्हतं, नुसता पडदा होता, आणि तो पडदा धरून मी बाहेर उभी होते. एका खांद्यावर माझी पर्स, दुसऱ्यावर लेकीची ओढणी, हातात काळ्या पँटी. तीन पँटी, तिन्हींवर चौतीस लिहिलेलं. पहिली मांडीतच अडली. दुसरी कमरेला एवढी सैल की हातानं धरून ठेवावी लागली. तिसरी वर चढली, बटणही लागलं, पण खाली वीतभर कापड लोळायला लागलं. आत पोरगी एकच, कंबर एकच. पाच मिनिटांत ती तीनदा जाडबारीक झाली म्हणायची का?

दुकानातली मुलगी जवळ आली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं बिचारीच्या, पण आवाज मोठा. "काकू, मोठ्या साईजचा माल वरच्या मजल्यावर हाय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "वरच्या मजल्यावर तुमच्या मालकाला पाठव," मी म्हटलं, "आणि चौतीस म्हणजे किती ते एकदा ठरवून खाली या म्हणावं."

दोनचार गिऱ्हाइकं हसली. पडदा सरकला. लेक स्वतःच्याच ढगळ कुर्त्यात बाहेर आली, माझ्याकडं न बघता म्हणाली, "मम्मी, चल." मला वाटलं, आता काही न घेताच जायचं. पण जाता जाता तिनं मांडणीवरची एक पँट उचलली आणि थेट काउंटरवर ठेवली. बत्तीस.

"अगं, ही कशी होईल तुला?"

"होईल. पंधरा दिवस आहेत की."

नवी पेठेतून कुंभारीला घरी येईपर्यंत रिक्षात ती मांडीवर पिशवी घट्ट धरून बसली होती.

पंधरा दिवस म्हणजे नोकरीवर हजर व्हायला उरलेले. कॉलेजात मुलाखती झाल्या, त्यात पुण्याच्या एका कंपनीनं तिला घेतलं. आमच्या अख्ख्या घराण्यात खुर्चीवर बसून काम करणारी ही पहिलीच. तिचे बाबा ट्रकवर असतात, त्यांनी कुठल्याशा ढाब्यावरून फोन करून दहा जणांना सांगितलं. कंपनीचं पत्र आलं त्यात लिहिलेलं, पहिल्या दिवशी काळी पँट, पांढरा शर्ट, ओळखपत्रासाठी फोटो काढला जाईल. पोरीनं ते पत्र मला तीनदा वाचून दाखवलं होतं. आणि आता ती म्हणायला लागली, पँट झाली तर जाईन.

"म्हणजे? नाही झाली तर?"

"तर बघू."

हे 'बघू' मी ओळखते. शाळेच्या गॅदरिंगला नाच होता, ड्रेस भाड्यानं आणायचा होता, तेव्हाही ती 'बघू' म्हणाली होती आणि त्या दिवशी ताप आलाय म्हणून पांघरूण घेऊन झोपली होती. कपाळ तर थंडगार होतं.

बत्तीसची पँट तिनं दाराच्या खिळ्याला टांगली. सकाळी लिंबूपाणी. दुपारी अर्धी भाकरी. संध्याकाळी 'भूक नाही'. शेंगाचटणी आणि दही दिसलं की जिचा हात आपोआप ताटाकडं जायचा, ती पोर चटणीचा डबा बघून मान फिरवायला लागली. मी रागावले, मग गोड बोलले, मग पुन्हा रागावले. कशाचाच उपयोग झाला नाही. रोज सकाळी आतल्या खोलीत ती पँट चढवून बघायची. मी बाहेर मशीनवर बसलेली. आधी श्वास रोखल्याचं कळायचं, मग चेन सरकायची आणि मध्येच थांबायची. चेन अर्ध्यात अडकल्याचा आवाज मला ओळखू येतो, जन्मभर चेनीच लावल्यात मी.

"आण हिकडं माप," मी दारातनं म्हटलं. "दोन दिवसांत तुझ्या अंगाची पँट शिवून देते. माझ्या हाताखालून किती पँटी गेल्यात, काय मोजदाद हाय का?"

"नको."

"अगं, नुसतं माप—"

"मम्मी, माप नको घेऊस म्हटलं ना!"

आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका माझ्याकडं माप द्यायला येतात. परकर, ब्लाऊज, नाइटी, कुणाच्या सुनेचा गाऊन. एकटी माझी लेक मला माप देत नाही. पाचवीपासून दिलेलं नाही. ढगळ कुर्ते आणते, ते विरेपर्यंत घालते. लोकांना वाटतं, पोर साधी आहे. का देत नाही, ते मला माहीत आहे. तिला वाटतं, मी विसरले असेन.

तेव्हा मी अशोक चौकाच्या बाजूला शाळेचे युनिफॉर्म शिवायच्या एका कारखान्यात जायची. लग्न होऊन मैंदर्गीहून आले तेव्हा मला धड मराठीही येत नव्हती, माहेरी आम्ही कानडीच बोलायचो, पण मशीन चालवायला भाषा कशाला लागते? कॉलर, बाही, खिसा, सगळं शिकले, आणि शेवटी मला बसवलं लेबलावर. शर्ट तयार झाला की मानेच्या पट्टीत साईजचं चिमुकलं लेबल टाचायचं, लोंबते दोरे कापायचे, पुढं ढकलायचा.

तिथं बसल्यावर मला साईज या गोष्टीची खरी जात कळली. टेबलावर कापडाचे थरावर थर अंथरायचे आणि वरून कटिंगचं मशीन फिरवायचं. ढीग उंच असला की पातं खाली जाताना थोडं तिरकं होतं. मग सगळ्यात वरचा शर्ट आणि सगळ्यात खालचा शर्ट, साईज एकच, अंग वेगळं. मी एकदा कटिंग मास्तरना दोन्ही एकावर एक ठेवून दाखवले. म्हातारा चांगला माणूस होता, चष्मा वर करून हसला. "उपर का बडा, नीचे का छोटा. चलता है, बेटी." हे सगळीकडं असंच चालतं, आपल्या एकट्याकडं नाही, असंही म्हणाला.

मे महिना संपत आला होता. युनिफॉर्मच्या दुकानाची मोठी ऑर्डर, टेम्पो दारात उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवून जीव खातोय, आणि माझ्या डब्यातली अठ्ठावीसची लेबलं संपली. तीसची पुडी भरलेली होती. मी शेठना सांगायला गेले. ते फोनवर होते, हातानंच म्हणाले, लाव. मी म्हटलं, "अहो, तीसचं हाय हे." फोनवर हात ठेवून ते म्हणाले, "पोरं काय आकडा वाचून कापडं घालतात व्हय? लाव लवकर."

मी लावली. अठ्ठावीसच्या शर्टांना तीसची लेबलं, जेवढे उरले होते तेवढ्या सगळ्यांना. घाई इतकी की मशीनवर आकाशी दोरा होता तो बदलून पांढराही घेतला नाही. लेबल आतल्या बाजूला असतं, कोण बघतंय? टेम्पो गेला. आम्ही चहा प्यायलो.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी मी लेकीला घेऊन युनिफॉर्मच्या दुकानात गेले. ती पाचवीत जाणार होती. कारखान्यातून आम्हाला काही मिळायचं नाही, सगळ्यांसारखं दुकानातूनच घ्यायचं. ही झुंबड उडालेली, आया, पोरं, घाम. दुकानदारानं तिच्याकडं बघून तीसचा शर्ट फेकला. तिनं तिथंच फ्रॉकवरून घातला. छातीवरची बटणं लागेनात. मी ओढून बघितलं, तिनं श्वास घेऊन धरला, तरी लागेनात. मागून लोक ढकलत होते, दुकानदार "चला, चला" करत होता, आणि मी दिवसभराची उभी, दमलेली. माझ्या तोंडातून निघून गेलं, तेही मोठ्यानं, "वय काय आणि अंग काय! तीसमध्ये मावंना झाली पोरगी. कमी खा जरा."

बायका हसल्या. दुकानदार हसला. लेक नाही हसली. तिनं शर्ट काढून माझ्या हातात दिला आणि मी तो काउंटरवर ठेवताना त्याची कॉलर उलटी झाली. तीसचं लेबल. आकाशी दोरा.

माझीच टीप होती ती. शर्ट अठ्ठावीसचा होता, पोरीचं अंग अगदी तिच्या वयाचं होतं आणि चूक कुणाची असेल तर माझी होती. तिथंच, त्या क्षणी, एवढं सांगायचं होतं की, 'नाही गं बाई, हा शर्टच छोटा आहे.' जीभ उचलली नाही. दुकानदाराला कळलं तर कारखान्यावर येईल, ही भीती होती, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त म्हणजे, चारचौघांत पोरीला बोलून मोकळी झालेली मी चारचौघांत स्वतःला खोटं पाडायला तयार नव्हते. म्हटलं, पोर आहे, विसरेल. बत्तीसचा शर्ट घेतला. तो तिच्या खांद्यावरून वर्षभर लोंबत राहिला.

आता ती बावीसची आहे. पँट खिळ्याला टांगल्याच्या सहाव्या दिवशी, रविवारी, ती नळाजवळ कपडे धूत होती आणि एकदम धुण्याच्या दगडावर खाली बसली. डोळ्यांपुढं अंधारी. मी धरून आणून कॉटवर टेकवलं, गूळपाणी पाजलं. पाणी पिताना तिची नजर कुठं होती? दाराच्या खिळ्यावर. माझा जीव तीळतीळ तुटला. मनात म्हटलं, बाई, आज बोलली नाहीस तर हे पाप घेऊनच जाशील.

तरी सुरुवात आडूनच केली. कापडाचे थर, पातं, मास्तर. "मम्मी," ती डोळे मिटून म्हणाली, "तुझ्या कारखान्याचं पुराण नको आता."

"पाचवीतला तो शर्ट आठवतो तुला? दुकानातला?"

तिनं डोळे उघडले. "तीसचा?"

मधे बारा वर्षं गेली होती आणि आकडा तिच्या ओठावर होता.

"तो तीसचा नव्हता, बाळा. अठ्ठावीसचा होता. लेबलं संपली होती, म्हणून तीसचं लावलं. मी लावलं. माझ्या ह्या हातानं."

ती उठून बसली. तिनं माझ्या हाताकडं बघितलं. मग म्हणाली, "तुला कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. परवा आठवलं, असं म्हणता आलं असतं. "तितंच," मी म्हटलं. "तू शर्ट काढून दिलास ना, तेव्हाच. दोरा बघून कळलं."

"तितंच? आणि तू काहीच बोलली नाहीस?"

"न्हाय बोलले."

मला वाटलं होतं, मी रडेन. रडली ती. तोंडावर हात ठेवून, आवाज न करता. "मी अजून कुणाकडं जेवायला गेले ना, मम्मी, तर दुसऱ्यांदा वाढून घेत नाही," ती म्हणाली. "लोकांना वाटतं, लाजते."

शेठचं नाव घेता आलं असतं, त्या टेम्पोवाल्याच्या हॉर्नचं घेता आलं असतं. पण 'कमी खा' काही शेठ म्हणाले नव्हते. "चुकलं माझं," मी म्हटलं. "लई चुकलं." तिनं मान हलवली नाही, माफ केलं असंही म्हणाली नाही. उठून आत गेली. मोरीत तोंड धुतल्याचा आवाज आला. मी कॉटच्या कडेवर तशीच बसून राहिले.

ती आली ती माझ्या मशीनच्या ड्रॉवरपाशी गेली. टेप काढून माझ्या पुढ्यात धरली. "घे माप."

मी उठले. ती खोलीच्या मधोमध उभी राहिली, हात वर करून, नजर भिंतीवर. ढगळ कुर्ता तिनं स्वतःच कमरेशी आवळून धरला. मी टेप फिरवली. टेप दोनदा सुटली. माप घेताना आकडा मोठ्यानं बोलायची आमची पद्धत. एक जण घेतो, दुसरा लिहितो, गिऱ्हाईकही ऐकतं. गल्लीतल्या कुठल्याही बाईचं माप मी दारापर्यंत ऐकू जाईल असं बोलते. त्या दिवशी मी गपचूप वहीकडं वळले आणि लिहायला लागले.

"मोठ्यानं बोल," ती म्हणाली. "सगळ्यांचं बोलतेस की."

"कंबर," मी म्हटलं. "कंबर साडेतेहतीस."

"पुढं."

"सीट एकेचाळीस. मांडी चोवीस. उंची साडेअडतीस."

आकडे खोलीत बोलून झाले. ती तशीच उभी होती. तिनं वही ओढून एकदा वाचली, मिटून मशीनवर ठेवली आणि दाराच्या खिळ्यावरची बत्तीसची पँट काढून माझ्या चिंध्यांच्या पिशवीत कोंबली. मग चुलीजवळच्या दुरडीकडं बघून विचारलं, "भाकरी आहे का?"

सकाळच्या चार होत्या. मी ताट केलं, शेंगाचटणी घातली, वर दही. ती खाली बसून जेवायला लागली. मी समोर बसून दुरडीवरचं फडकं उगाच नीट करत राहिले, तिच्याकडं बघायचा धीर होत नव्हता. पहिली भाकरी संपली. तिनं ताट माझ्याकडं सरकवलं.

मी दुसरी वाढली.