धम्मदीपची बाजू

पंचशीला साळवेला माणूस ओळखता येत नाही, असं कोणी म्हणणार नाही. दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीशी ती अकरा वर्षं बसते. समोरचा खरंच कळवळतोय की नंबर पुढे घ्यायला नाटक करतोय, हे तिला एका नजरेत कळतं. तरीही आपल्याच बिल्डिंगमधल्या कौस्तुभ रेगेवर तिने डोळे झाकून विश्वास ठेवला.

दोन वर्षांपूर्वी तिच्या मुलाने, धम्मदीपने, नववीच्या वर्गात एका मुलाच्या दंडावर सुरी मारली. सुरी घरातलीच. तो मुलगा वाचला, अठरा टाके पडले. धम्मदीप चार महिने सुधारगृहात राहून परत आला. नवरा त्याआधीच वारलेला. शेजारणी तिला येताना पाहिलं की लिफ्टचं दार लावून घ्यायच्या. अशा दिवसांत रेगे घरी आला. दादर सोडून भाईंदरला आलेला, बँकेतला, खांद्याला झोळी. त्याला शाळेतल्या हिंसेवर कादंबरी लिहायची होती.

"पोरं असं का करतात, हे कोणीतरी लिहायला पाहिजे, ताई," तो म्हणाला. पंचशीलाला भरून आलं. तोवर तिच्याशी असं कोणी बोललंच नव्हतं.

मग वर्षभर दर रविवारी, धम्मदीप क्लासला गेला की, रेगे यायचा. पोहे हाणायचा आणि वही भरायचा. तिने सगळं सांगितलं. जातीवरून चिडवणं, डब्यात थुंकणं, तिने शाळेत दोनदा दिलेले तक्रारअर्ज. शाळेचा शिक्का असलेली पोचसुद्धा दाखवली. "हे सगळं येणार," तो म्हणाला.

एकदा बोलता बोलता तिचा बांध फुटला. "घरात सुरी ठेवत नाही मी. विळी पण दवाखान्यातल्या कपाटात नेऊन ठेवलीय. स्टेशनबाहेरची चिरलेली भाजी आणते आणि त्याला सांगते, वेळ मिळत नाही. पोटचं पोर आहे हो, पण भीती वाटते. हे मात्र लिहू नका, दादा. त्याला कळलं तर तो माझ्यापासून कायमचा तुटेल."

रेगेने लगेच वही मिटली. वही मिटायला काय लागतं!

कादंबरी आली. सोसायटीच्या हॉलमध्ये प्रकाशन झालं, पंचशीलाला पहिल्या रांगेत बसवलं, गुलाब दिला. घरी येऊन तिने मोठ्या तोऱ्यात पुस्तक मुलाच्या हातात ठेवलं. स्वतः एक पान न वाचता.

"वाच. तुझी बाजू मांडलीय काकांनी."

बुधवारी ती कामावरून आली तर धम्मदीप पुस्तक उघडं ठेवून बसला होता. पान एकशे बारा. नावं बदललेली, बाकी काही नाही. कपाटातली विळी, चिरलेली भाजी, "पोटचं पोर आहे हो" सुद्धा.

ती तशीच चपला घालून वर रेगेच्या दाराशी गेली.

"तुमचं नाव कुठेय त्यात, ताई?" रेगे हसून म्हणाला. "सगळे त्याच पानाची तारीफ करतायत."

"आणि माझे अर्ज?"

"ते काढावे लागले. वाचायला रटाळ होतात हो."

पंचशीलाच्या तोंडात शिवी आली होती. आयुष्यात पहिल्यांदा तिने कोणाच्या दाराला लाथ मारली, आणि लाजही वाटली नाही. ज्याला घासातला घास दिला, त्याने तिच्या घरातलं तेवढंच उचललं होतं जे विकलं जाईल.

खाली धम्मदीप तसाच बसला होता. चिडलेला नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं.

"मी का मारलं, ते यात नाहीये," तो म्हणाला.

"माहितीये रे. मी सगळं सांगितलं होतं त्याला. डब्याचं, चिडवण्याचं. त्याने गाळलं."

"ते नाही, आई. ते तर मी सहावीपासून सहन करत होतो. त्या दिवशी वेगळंच झालं होतं." त्याने पुस्तक बंद केलं. "तू काकांना एक वर्ष सांगत होतीस मी का मारलं ते. मला कोणी विचारलंच नाही. पोलिसांनी नाही, काकांनी नाही."

तो उठून आत जाता जाता म्हणाला, "तू पण नाही."

आणि ते खरं होतं.