गुरुवारी पाहिलेली गल्ली

पाहणी न करता घर घेणारा माणूस मूर्ख असतो. मी एकाच घराची पाच वेळा पाहणी केली होती.

ईशान, सई, परवा तुमच्या बाबांचा फोन आला. तिकडे परदेशातच, पण दुसऱ्या राज्यात एक घर घेऊन ते भाड्याने द्यायचं त्यांच्या मनात आहे. "आई, गाव कसं निवडायचं? वस्ती कशी पारखायची? तुला अनुभव आहे," असं म्हणाले. आता मुलाला खरं सांगावं की आपली अब्रू सांभाळावी? फोनवर मी अब्रू सांभाळली. खरं काय ते तुम्हाला लिहिते.

ईशान, तुझ्या जन्माला अजून तीन-चार महिने होते तेव्हाची गोष्ट. आजोबा रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले होते आणि मी शाळेतून, इंग्रजी शिकवता शिकवता. दौंडच्या यार्डाला लागून आपलं घर. दोघांच्या पेन्शनमध्ये घर उत्तम चालायचं, पण विमान चालत नव्हतं! म्हणून आजोबांच्या फंडातून एक छोटं घर घ्यायचं, ते भाड्याने द्यायचं आणि तुझ्या पहिल्या वाढदिवसाला त्या भाड्यातून तिकीट काढून मी तुझ्यापाशी पोचायचं, असं ठरलं.

दौंडात भाडेकरू मिळणं कठीण. रेल्वेवाल्यांना क्वार्टर असतात आणि उरलेल्यांना सासरे! शिरूरकडे मात्र नवे कारखाने उभे राहत होते आणि कुठकुठली मुलं खोल्या शोधत फिरत होती. शिरूर म्हणजे भीमेपलीकडचा तालुका. तुमच्या बाबांचं परराज्य विमानाने येतं, आमचं एसटीने यायचं, एवढाच फरक.

मी दोनशे पानी वही घेतली. उभ्या रेघा मारल्या: पाणी, शांतता, शेजार, स्वच्छता. प्रत्येकाला दहा गुण. पाहणीचा वार गुरुवार, कारण गुरुवारी आजोबांचा दत्ताचा उपास आणि मला स्वयंपाकाची सुटी. डब्यात शेंगदाण्याचे लाडू घेऊन आम्ही निघायचो.

जागा दाखवायला सलीमभाई होते. पिढ्यान् पिढ्या शिरूरला राहिलेलं घराणं. सायकलचं दुकान सांभाळून हेही काम करायचे. पहिल्याच गुरुवारी त्यांनी आम्हाला एका नव्या वस्तीत नेलं. भर दुपारी बाराला तिथे काय दिसावं? गल्लीभर तरणीताठी माणसं बनियनवर! कोणी मोटारसायकल धुतोय, कोणी कॅरम खेळतोय, तीन घरांतून तीन वेगळी गाणी. एकाने तर "आंटीजी, चाय पियोगी?" असंही विचारलं.

"सलीमभाई, ही माणसं कामाला जात नाहीत का? भाडं कशातून देणार?"

"त्याचं काय हाय बाई, आज..."

"बस. कळलं मला." (पस्तीस वर्षांची सवय! एकदा मत झालं की वर्गात कोणी बोललेलं मला चालत नसे.) वहीत लिहिलं: शेजार शून्य, शांतता शून्य.

मग आम्ही दुसऱ्या गल्लीत गेलो. काय सांगू! चिटपाखरू नाही. विकाऊ घरासमोर ओळीने आठ शटरं, आठही बंद. एका शटरच्या पायरीवर मांजर झोपलेलं. "गोदामं असणार," मी म्हटलं. शांतता: दहापैकी दहा.

आजोबा नाक वर करून हुंगत होते. "अगं, इथे लोखंडाचा वास येतोय."

"तो तुमच्याच अंगाचा आहे. तीस वर्षं रेल्वेत काढलीत."

सलीमभाई घुटमळले. "बाई, येक इनंती हाय. येकदा सोमवारी येऊन बघा."

"सोमवारी माझा इस्त्रीचा वार असतो."

परतीच्या एसटीत मी आजोबांना सलीमभाईंचा डाव समजावून सांगितला. "सोमवारपर्यंत थांबवतील आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला घर देऊन मोकळे होतील. मी ओळखते असली माणसं!" तरी घाई केली नाही. ओळीने पाच गुरुवार तीच गल्ली तपासली. पाचही वेळा तेच मांजर आणि तेच दहा गुण. याला मी शास्त्र समजत होते.

घर घेतलं. वास्तुशांतीचा मुहूर्त निघाला सोमवारचा.

गुरुजींनी पळीभर पाणी हातावर घेतलं आणि समोरची आठही शटरं खडखडत वर गेली. एकात ग्राइंडर, एकात वेल्डिंग, एकात पत्रा कापायचं यंत्र, बाकीच्यांत नुसते हातोडे. गुरुजी मंत्र ओरडू लागले. थोड्या वेळाने त्यांनी नाद सोडला आणि हातोड्याच्या ठोक्यावर "स्वाहा" म्हणायला सुरुवात केली. मांडवगणहून आलेल्या माझ्या नणंदेने माझ्या कानाला तोंड लावून विचारलं, "वयनी, जागा लय शांत हाय म्हनला व्हता न्हवं?"

मी सलीमभाईंना गाठलं. "हा काय प्रकार आहे?"

त्यांनी शाळेतल्या मुलासारखा हात वर केला. "बोलू का?"

"बोला!"

"हितं कारखान्यांची सुट्टी रविवारी नसती, गुरुवारी असती. तवा ही वर्कशॉपंबी बंद. आन् ज्या वस्तीला तुम्ही शून्य दिलं, तिथली पोरं सुट्टी म्हणून घरी व्हती."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"पाच डाव तोंड उघडलं, बाई. पाचीबी डाव तुम्ही गप बसवलं."

आता तिकिटाचं काय? मी नवा नियम केला: घर दाखवायचं ते फक्त गुरुवारी. आजोबा म्हणाले, "ही फसवणूक आहे." मी म्हटलं, "हे वेळापत्रक आहे."

पहिला भाडेकरू एका दवाखान्यात रात्रपाळी करणारा तरुण. गुरुवारी आला, शुक्रवारी सकाळी कामावरून येऊन आडवा झाला आणि दुपारी किल्ली द्यायला थेट दौंडला हजर! "आजी, खोली झकास हाय. फकस्त ती तिथनं उचलून दुसरीकडं ठिवा." मग एक नवविवाहित जोडपं आलं. भाजीत मीठ कमी आहे हे नवऱ्याने बायकोला इतक्या मोठ्याने सांगितलं की समोरच्या वेल्डरने मिठाची पुडी आणून दिली. तेही आठवडाभरात गेले.

इकडे तुझे फोटो येत होते. पालथा पडलास. बसायला लागलास. दोन दात आले. फोटो मी त्या वहीतच ठेवायची, आणि वही उघडली की शेजारी माझ्याच अक्षरातले दहा गुण दिसायचे. तुझे आजोबा मला एका शब्दाने बोलले नाहीत. ते फार लागलं.

एका सोमवारी आम्ही घर झाडायला गेलो. मी जाळी काढत होते, समोर पत्रा कापला जात होता. वळून पाहते तर आजोबा उघड्या फरशीवर गाढ झोपलेले! दोन तासांनी उठले आणि म्हणाले, "काय छान शांत वाटतं गं इथे!"

मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. यार्डातलं डब्यांचं शंटिंग ऐकत झोपणारी माणसं आम्ही. आजोबा ताडकन उभे राहिले. "जाधव ड्रायव्हर!"

जाधव म्हणजे त्यांचे जुने सोबती, इंजिन ड्रायव्हर. निवृत्त होऊन शिरूरला मुलाकडे राहायला आले होते आणि तिथल्या शांततेत झोप येत नाही म्हणून वाळून काटकी झाले होते. त्यांना घेऊन आलो. ते दारात उभे राहिले, डोळे मिटून घेतले. ग्राइंडर किंचाळला. हातोडे पडले. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"गार्डसाहेब, इंजिनाच्या शेडात आल्यावानी वाटतंय वो! आजच ऱ्हायला येतो."

वर्षाचं भाडं त्यांनी एकदम दिलं. तुझ्या वाढदिवसाच्या तीन दिवस आधी मी तुमच्या दारात उभी होते आणि तू मला बघून भोकाड पसरलंस.

जाधव पुढे कित्येक वर्षं तिथे राहिले. तक्रार एकच, तीही दर महिन्याला पोस्टकार्डावर: "गुरुवारी अजिबात झोप लागत नाही. मालकिणीने काहीतरी करावे." शेवटी मी त्यांना दर अर्ध्या तासाला टोले देणारं घड्याळ नेऊन दिलं.

आणि ती शून्य गुणांची वस्ती? तिथे सलीमभाईंच्या स्वतःच्या दोन खोल्या आहेत. एक दिवसही रिकाम्या राहिल्या नाहीत म्हणे.

तेव्हा बाबांना माझा निरोप द्या. वही अजून आहे, पानंही उरली आहेत, मी पाहणीला यायला तयार आहे. फक्त मी ज्या वस्तीला दहापैकी दहा देईन तिकडे त्यांनी फिरकू नये, आणि जिला शून्य देईन तिथे डोळे मिटून घर घ्यावं.